जागा धरून बसलेल्या बायका

या प्रवासात तुम्ही बाई आहात. अट एवढी एकच. वय तुमचं तुम्ही ठरवा, पण पहाटे चारनंतर अंथरुणात राहण्याची मुभा नाही. जागा फारशी बदलणार नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा, फार तर दादर. पायी हिंडता येईल एवढाच मुंबईचा तुकडा. बदलत जाईल ते साल.

स्टेशनबाहेर मेथीची जुडी घेताना आपण समोरच्या बाईविषयी एक उत्तर मनाशी धरून असतो: शिकली नसेल, दुसरं काही येत नसेल, म्हणून बसली. मला हे उत्तर पटत नाही. फुटपाथवर गोणपाट अंथरण्याआधी तिच्या तोंडावर कोणती दारं लागली, आणि कोणी लावली, हे बघायचं तर मागे जावं लागतं.

१९२७. अंधार आहे आणि पहिला भोंगा झाला. तुमच्या डोक्यावर टोपली नाही. हातात भाकरीचं फडकं आहे, कारण तुम्ही गिरणीत कामाला आहात. मुंबईच्या कापड गिरण्यांत या काळात साधारण पाच कामगारांतली एक बाई आहे. तुम्ही वाइंडिंग खात्यात. सूत भरायचं, तुटलं की गाठ मारायची, जेवढं काम भरेल तेवढा पगार. खात्यावर नायकीण. तीच कामाला लावते, तीच काढते, आणि तिची दस्तुरी तुमच्या पगारातून जाते. तान्हं मूल खोलीवर आहे. दिवसभर रडू नये म्हणून अफूची बाळगोळी चाटवून आला आहात. चाळीचाळीतून हेच चाललं आहे, डॉक्टरांनी त्यावर अहवाल लिहिले आहेत. दुपारी दूध दाटून छाती दुखते आणि हात मात्र थांबवता येत नाही.

सुटी झाली की फाटकाबाहेर दुसऱ्या बायका बसलेल्या दिसतात. कोळीण मासळीची पाटी घेऊन, कोणी पालेभाजी, कोणी चणे-फुटाणे. पगाराच्या दिवशी त्यांची गर्दी वाढते. तुम्ही त्यांच्याकडून सुके बोंबील घेता आणि पुढे जाता. तुमच्या पगाराचा दिवस ठरलेला आहे, तुमचं नाव हजेरीपटावर आहे.

आता दहा-बारा वर्षं एका दमात ओलांडा. गिरण्यांत नवी यंत्रं आली, एका हाताकडून दोन हातांचं काम घेण्याची योजना आली, दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या. बाईला रात्री गिरणीत राबवायचं नाही, हा कायदा आधीच होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. मालकाने हिशेब मांडला. पुरुषाला दोन्ही पाळ्यांत फिरवता येतं. बाईला रात्री बोलावता येत नाही, बाळंतपणात पैसे द्यावे लागतात, वर मुलांसाठी पाळण्याची सोय मागते. तिची जागा रिकामी झाली की पुरुष भरला जाऊ लागला. यात कायदे चुकले असं मी म्हणणार नाही. अफू चाटवून कामाला जाणाऱ्या बाईला ते हवेच होते. पण त्यांचा खर्च मालकाने बाईच्या नावावर मांडला आणि तिच्याकडूनच वसूल केला. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी बायकांना उभं केलं, संपांत बायका पुढे होत्या. तरीही १९७० च्या दशकात येईपर्यंत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली गेलं. हे पहिलं दार. ते इतकं हळूहळू लागलं की त्याचा आवाज कोणाच्या कानावर आला नाही.

दार लागलं म्हणून बाईचं राबणं थांबलं नाही. १९७५ च्या सुमाराला तुम्ही दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवता. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार तुमच्याकडे दोन वेळचं जेवतात. स्टोव्हच्या भगभगीत पहिल्या पाळीचा डबा, मग दुसऱ्या पाळीचा. जेवणारे महिन्याने पैसे देतात, वाणी महिनाभर उधार देतो आणि मधल्या दिवसांचं व्याज तुमच्या मानगुटीवर. याच वर्षी प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेली ही बाई खाणावळवालीला कामगार मानत होती. तेव्हा तसं मानणारे थोडेच होते.

आता इथे थांबा. पुढचं साल घाईने बघण्यासारखं नाही.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तुमचा नवरा साचेखात्यात. पहिला महिना उत्साहाचा. सभा, मोर्चे, महिन्या-दोन महिन्यांत निकाल लागणार याची खात्री. मग जेवणारे एकेक करून गावी गेले. वाण्याने वही मिटली. पाटल्या गेल्या, मग तांब्याचा हंडा गेला, मग रेडिओ. पोरीच्या शाळेतून फीसाठी चिठ्ठी आली. पावसाळा गेला, दिवाळी कोरडी गेली. संप मिटला असं कोणीच कधी जाहीर केलं नाही. माणसं मात्र आतून संपत गेली.

१९८३ ची एक पहाट. नवरा नाक्यावर बसून असतो. त्याला दोष देऊ नका. फाटक उघडेल, पाळी लागेल, तेव्हा हजर नसलो तर नाव कटेल, या भीतीने तो दुसरं काम धरत नाही. तुम्हाला परत बोलावणारी गिरणी नाही. तुमच्यासारख्यांना तिने कधीच बाहेर काढलं आहे. थांबून राहण्यासारखं तुमच्याकडे काहीच नाही, म्हणून पहिली टोपली तुमच्या डोक्यावर येते.

दुसरं काम नव्हतं का? तुम्ही चाळीतच विचारून बघितलं आहे. धुणीभांड्याचा पगार महिन्याने, आणि आज रात्रीच्या पिठाचं काय? पापड लाटायला जागा लागते, वाळवायला ऊन लागतं. खोलीत दोन्ही नाही. छोट्या कारखान्यात सकाळी आठ ते रात्री आठ, आणि तुमच्या चाळीत पाणी पहाटे येतं, धाकटा दुपारी बाराला शाळेतून सुटतो, सासूला वेळेवर औषध द्यावं लागतं. तुमचा दिवस आधीच दुसऱ्यांनी वाटून घेतला आहे. मध्ये उरतात सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे चार. त्या उरलेल्या तासांत बसणारं, दाखला न मागणारं, त्याच संध्याकाळी रोख पैसे देणारं आणि पोराला शेजारी खोक्यात बसवू देणारं काम या शहरात एकच आहे.

शेजारची साताऱ्याकडची आक्का तुम्हाला भायखळ्याच्या भाजी बाजारात नेते. ट्रक लागलेले, हमालांची हाकाटी, पायाखाली चिखल आणि कोबीची पानं. तुमच्या हातात पन्नास रुपये आहेत, संध्याकाळी पंचावन्न परत करायच्या बोलीने घेतलेले. दिवसाला दहा टक्के. वर्षाचा हिशेब कोणी करत नाही, करून उपयोग नाही. भांडवल रोजचं आणि फेडही रोजची. अहमदाबादच्या भाजीवाल्यांची हीच कोंडी बघून इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेने १९७४ मध्ये बायकांची स्वतःची बँक काढली. तीही गिरण्यांच्याच शहरात, हे मला महत्त्वाचं वाटतं. लालबागला तुमच्यासाठी बँक नाही, पुढेमागे भिशी लागेल तेवढीच.

पन्नास रुपयांत कांदे-बटाट्याचं पोतं येत नाही. म्हणून मिरची, लिंबं, आलं, कोथिंबीर. आक्का कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून बघते, देठ मोडून बघते. “पानी मारल्याली घिऊ नगं, दुपारपातुर काळी पडती.” अडत्या पुरुषांशी आधी बोलतो, तुमच्याशी नंतर, आणि तुम्हाला मिळतो तो उरलेला माल. तराजू तुमच्याकडे नाही. तो घ्यायचा तर वजनांवर सरकारी शिक्का हवा. म्हणून तुम्ही वाटे लावता. चार मिरच्या, एक आल्याचं बोट, दोन काड्या कोथिंबीर. वाट्याला शिक्का लागत नाही.

बसायचं कुठे? चाळीसमोर नाही. तिथे सगळे ओळखीचे. तुम्ही दोन गल्ल्या सोडून जाता आणि मोकळा कोपरा दिसला म्हणून गोणपाट अंथरता. “इथं न्हाई बसायचं,” आक्का उठवते. “ही जागा धरल्याली हाय. ती गावाला गेलीया, पर जागा तिची.” फुटपाथचा सातबारा कोणाकडे नाही, तरी प्रत्येक फरशीला मालकीण आहे. कोण कधी आली, कोणी कोणाला बसवलं, कोणाची सून कोणाच्या जागी आली, हे सगळं पाठ असलेल्या बाया इथे आहेत. नवी आली की तिला कडेला बसवतात, जुन्या जो माल विकतात तो तिने लावायचा नाही, आणि एक उठून गेली की शेजारणीने तिचा धंदा सांभाळायचा. गिरणीत जे युनियन करायची, त्यातलं थोडंसं हे नियम करतात.

भवानी व्हायला तास लागतो. आवाज फुटत नाही. खाणावळीत वीस माणसांना जेवू घातलेली तुम्ही, “लिंबू घ्या” एवढं म्हणायला घसा कोरडा पडतो. ओळखीची वहिनी दिसली की पदर पुढे येतो. रात्री चिल्लर मोजता. पंचावन्न बाजूला काढले, अकरा रुपये आणि दोन लिंबं उरली. नवऱ्याने काही विचारलं नाही. तुम्ही मोजत होता तेव्हा तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी कोणीतरी ओरडतं, “गाडी आली!” सगळ्या बाया एका झटक्यात गोणपाटाची चार टोकं पकडून गल्लीत शिरतात. तुम्हाला अजून ते येत नाही. तुमची टोपली गाडीत जाते. कायदा पालिकेच्या बाजूने आहे: १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३१४ प्रमाणे रस्त्यावर विकायला मांडलेला माल नोटीस न देता उचलता येतो. दंड भरून सोडवायला जाल तेव्हा कोथिंबिरीचा चिखल झालेला असेल. आणि पन्नासाचे पंचावन्न मात्र आज संध्याकाळीच द्यायचे आहेत. जप्तीने बाई रस्त्यावरून उठते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब करून बघावा. जप्तीनंतर ती दुसऱ्या दिवशी आणखी लवकर येऊन बसते, कारण आता कर्ज दुप्पट आहे.

जुलै १९८५. भर पावसात तुम्ही प्लास्टिक डोक्यावर धरून बसलात आणि तिकडे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एकाच महिन्यात तुमच्याविषयी दोनदा निकाल दिला. ऑल्गा टेलिस खटल्यात सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण फुटपाथवरच्या झोपड्या पावसाळ्यानंतर हटवायलाही मोकळीक दिली. बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सांगितलं की शहरात फेरीवाल्यांचे विभाग आखा. १९८९ मध्ये सोदनसिंग खटल्यात रस्त्यावर विकणं हा घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग ठरला, योग्य निर्बंधांसह. हक्क कागदावर आला. मुंबईत नवे परवाने देणं मात्र सत्तरच्या दशकाअखेरीसच जवळजवळ थांबलं होतं. म्हणजे तुम्ही टोपली घेऊन आलात तेव्हा नियमाने वागायची वाटच बंद होती.

तुमच्या ओळीत आता सगळ्याच गिरणीवाल्यांच्या घरच्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेली एक आहे. खडी फोडून कंबर गेली तेव्हा भाजीवर आली. कोळणी तर गिरण्यांच्याही आधीपासूनच्या, पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलाव, मग पाटी. दारोदार जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दुपारी तुमच्या सावलीला टेकते. एकटी, टाकलेली, विधवा, आजारी नवऱ्याची. प्रत्येकीची वाट वेगळी आहे आणि पोचण्याचं ठिकाण एक.

नव्वदचं दशक. गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याचे नियम १९९१ मध्ये आले, पुढे आणखी सैल झाले. लोअर परळच्या चिमण्यांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. नवरा शेवटी तिथेच वॉचमन म्हणून लागला, बारा तासांची ड्यूटी. भाजीचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला हलला. शहराच्या नियोजनात तो बरोबरच असेल, पण तुमची पायी वाट तुटली. आता तिघी-चौघींनी मिळून टेम्पो करायचा किंवा पहिल्या लोकलच्या सामानाच्या डब्यात हारे चढवायचे. झोप दोन तासांनी कमी झाली. गिऱ्हाईक मात्र बदललं: संध्याकाळी सहाला काचेच्या इमारतींतून सुटणाऱ्या मुली, ज्यांना घरी जाऊन अर्ध्या तासात स्वयंपाक करायचा आहे. त्यांच्यासाठी तुम्ही मटार सोलून ठेवता, गवार मोडून ठेवता, मेथी निवडून पिशव्या भरता. एका बाईची वेळ वाचवण्यासाठी दुसरी बाई आपली वेळ विकते, आणि त्या वेळेचे दोन-चार रुपये मेथीच्या भावात धरले जातात.

आणखी एक गोष्ट तुमच्या शरीराला कळेल, पुस्तकात सापडणार नाही. तुम्ही सकाळपासून पाणी प्यायलेल्या नाही. पुरुष भिंतीकडे वळतो. तुम्हाला मोरी शोधायची आहे, पैसे द्यायचे आहेत आणि जागा सोडून जायचं आहे. उन्हाळ्यातही तुम्ही घोटभरच पिता. लघवीची जळजळ, मूतखडा, या दुखण्यांविषयी ओळीत सगळ्या बोलतात, डॉक्टरकडे कोणी जात नाही. २०११ पासून मुंबईत संस्थांनी एकत्र येऊन ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली. नाव ऐकून लोक हसले. ज्या दिवसभर रोखून बसतात, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२०१४. अखेर कायदा झाला, पथविक्रेत्यांचा, केंद्राचा. तो वाचून बघा, चांगला आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. तुम्ही रांगेत उभ्या राहून अर्ज भरला. मुंबईत असे ९९ हजारांवर अर्ज आले. नंतर अधिवासाचा दाखला हवा झाला, पुरावे हवे झाले. तीस वर्षं एका फरशीवर बसल्याचा पुरावा कोणता? दंडाच्या पावत्या. ज्यांनी त्या जपून ठेवल्या त्या शहाण्या ठरल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये समितीच्या निवडणुकीसाठी मतदान झालं तेव्हा यादीत ३२ हजारांच्या आसपास नावं होती.

मध्ये बरंच होऊन गेलं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल अरुंद होता, तरी बोट फेरीवाल्यांकडे वळलं. उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत विक्री नको हे बजावलं आणि ओळच्या ओळ उठली. मार्च २०२० मध्ये तर रस्ताच बंद झाला. तो उघडला तेव्हा नोकरी गेलेले किती तरी पुरुष हातगाडी घेऊन तुमच्या शेजारी उभे होते. त्या जूनमध्ये केंद्राने दहा हजारांच्या कर्जाची योजना काढली; ज्यांच्याकडे कागद होते त्यांना ते कर्ज मिळालं.

आणि आजची संध्याकाळ, परळला, स्टेशनपासून १५० मीटर सोडून. ८३ मध्ये दोन गल्ल्या सोडून बसायला आलेली आज जेवढ्या वयाची असेल, तेवढ्या वयाची एक मावशी समोर आहे, सत्तरी ओलांडलेली. शेजारी तिची सून, बी. ए. झालेली. तिला विचारा, तुम्ही का बसता? ती न चिडता सांगते. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात चार वर्षं होते. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभं राहायचं, बसायला स्टूल नाही. मुलगी आजारी पडली, तीन दिवस गेले नाही, चौथ्या दिवशी जागेवर दुसरी. इथे मुलगी शाळेतून सुटली की इथेच येते, खोक्यावर वही ठेवून अभ्यास करते. दुकानात मिळत होते त्यापेक्षा इथे फार जास्त मिळत नाहीत. “पण काढून टाकणारं कोणी नाही,” ती म्हणते, आणि लगेच रस्त्याच्या टोकाकडे बघते, गाडी दिसते का.

शंभर वर्षांपूर्वी वाइंडिंग खात्यातल्या बाईला मूल झालं म्हणून जे झालं, तेच हिला काचेच्या दुकानात झालं. ती गिरणी याच भागात होती.

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठते. सून मुलीला क्लासला सोडायला निघाली आहे. मावशीला मोरीला जायचं आहे, दुपारपासून रोखून धरलं आहे, आणि पुलाच्या पलीकडचं सार्वजनिक शौचालय आठला बंद होतं. ती तुमच्याकडे बघते. “जरा बसता का ताई? कोणाला जागा देऊ नका. मेथी तीसला, पंचवीसच्या खाली सोडू नका, माझीच बावीसला पडलीय.”

तुम्ही गोणपाटावर बसता. जमिनीवरून माणसांचे फक्त गुडघे आणि पिशव्या दिसतात. एक जोडी चपला थांबते, हात खाली येतो, जुडी उलटीसुलटी करून बघतो.

“पन्नासला तीन द्या. तिकडे देतायत.”